डागी

गाडीवरचा पहिला खड्डा अक्काला सापडला.

गाडी म्हणजे स्कूटर. आता गाडी म्हटलं की लोकांना चार चाकं दिसतात. तेव्हा अहमदपुरात आमच्या गल्लीत दोन चाकांची आली तरी बायका हाताचं पीठ न झटकता दारात येऊन उभ्या राहायच्या. आदल्या दिवशी दादांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, ती नांदेडहून आणली होती. दादा प्राथमिक शाळेत मास्तर. सायकलपलीकडे त्यांना काही चालवता येत नव्हतं. त्यांच्या शाळेतले दुसरे एक गुरुजी पुढे बसले, दादा मागे, आणि दोघे लोह्याच्या रस्त्याने धूळ खात दिवेलागणीला पोचले. दादांच्या भुवयासुद्धा पांढऱ्या झाल्या होत्या. इतके खूश मी त्यांना त्याआधी कधी पाहिले नव्हते. बल्बच्या उजेडात ती आकाशी गाडी अंगणात उभी राहिली तेव्हा आईचा हात ओवाळायला शिवशिवला असणार, पण आमच्यात ते नव्हतं. तिने नुसतंच पदराने हँडल पुसलं, आणि पुसून झाल्यावर परत एकदा पुसलं.

सकाळी अक्का फडकं घेऊन बसली. त्या उन्हाळ्यात नळाचा भरवसा नव्हता, म्हणून तोंड धुतलेलं पाणी तिने एका पातेल्यात धरून ठेवलं होतं. त्यात फडकं पिळून ती पुढचा उभा पत्रा पुसायला लागली आणि मध्येच थांबली.

"हितं कायतरी हाय गं," ती म्हणाली.

मी जवळ गेले. ऊन नुकतंच भिंतीवरून खाली उतरलं होतं, तिरपं. समोरून बघितलं तर रंग गुळगुळीत, पण बाजूने वाकून बघितलं की सगळ्या पत्र्यावर बारीक बारीक खड्डे. मोहरीएवढे. हेडलाइटखाली रंगाचा एक ओघळ खाली येता येता तसाच वाळून गेलेला. मागच्या दोन फुगीर पत्र्यांपैकी एक चांगला होता, दुसरा पुढच्यासारखाच. मी बोट फिरवलं आणि खिदळून म्हणाले, "अगं, गाडीला दे—" आणि जीभ चावली.

हा शब्द आमच्या घरात चालत नव्हता. ज्या आजाराला सगळा मुलूख देवी म्हणतो त्याला आमच्याकडे फोडाचा आजार म्हणायचं, असा दादांचा नियम होता. आमच्या आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हा दादा शाळेत होते, आणि देव-देवी सोडल्या त्या दादांनी घरात सगळ्यांपेक्षा मनापासून सोडल्या. भिंतीवर दोनच फोटो, ते कुणाचे हे सांगायला नको. आजार तो आजार, त्यात देवीचा काय संबंध, हे त्यांचं म्हणणं मला आजही पटतं. पण सरकारला ते पटलेलं नव्हतं. सरकारी माणसं लस टोचण्याला 'देवी काढणं' म्हणायची, आणि टोचणाऱ्याला लोक देवी डॉक्टर म्हणायचे.

मोठ्या दुष्काळात दादांची नोकरी अजून कच्ची होती आणि पगाराचा पत्ता नसायचा. आई तलावाच्या कामावर खडी फोडायला जायची. आम्ही दोघी बहिणी तिच्यासोबत तिथेच, पालात. लाल मिलोची, म्हणजे अमेरिकेतून आलेल्या ज्वारीची भाकरी आणि दुपारी सरकारी वाटपातली सुकडी, एवढं मला त्या दिवसांतलं आठवतं. बाकीचं आईने सांगितलेलं आहे. शेजारच्या कामावर साथ आली म्हणून एक देवी डॉक्टर पालापालातून फिरत आला आणि त्याने विचारलं, "बाई, पोरींच्या देवी काढायच्या हायत का?" आई म्हणाली, "न्हाई बा. आमच्यात देवी करत न्हाईत. सोडल्या आमी."

त्याला वाटलं, ही टोचून घ्यायला नको म्हणतेय. नको म्हणणारे त्याला रोजच भेटत असणार. तो पुढच्या पालाकडे गेला.

मला पाळण्यात असताना टोचलेलं उगवलं होतं, म्हणजे दंडावर फोड येऊन लस लागू झाली होती. अक्काचं उगवलं नव्हतं. पुढच्याच महिन्यात ती तापली. ती जगली हेच खूप, असं सगळे म्हणाले आणि ते खरंही होतं. चेहरा मात्र कपाळापासून हनुवटीपर्यंत भरून गेला. आई ही गोष्ट सांगताना दरवेळी म्हणायची, "मला काय ठावं, सुईला बी देवीच म्हणत्यात म्हणून." दादा ही गोष्ट कधीच सांगत नसत. आईला त्यांनी एका शब्दाने दोष दिला नाही. ते फक्त अक्काच्या चेहऱ्याबद्दल बोलत नसत. तो विषय निघाला की त्यांना पाणी पाहिजे असायचं, नाहीतर चष्मा सापडायचा नाही.

तर मी जीभ चावली. अक्काने माझ्याकडे बघितलं आणि फडकं पातेल्यात टाकलं. "म्हण की," ती म्हणाली, "गाडीला काय वाईट वाटतंय?" अक्काचं बोलणं असंच होतं, तिखट. तोंडावर कुणी कणव दाखवली तर त्याची ती खैर ठेवायची नाही. पण त्या दिवशी तिचा आवाज जरा पडला होता, कारण गाडी तिच्या लग्नाची होती.

खरं तर गाडीला दादांनी नंबर लावला होता तो स्वतःसाठी, नोकरी पक्की झाल्या झाल्या. त्या काळी पैसे मोजले म्हणून स्कूटर मिळत नसे. नाव नोंदवायचं आणि वाट बघायची, आणि काही वर्षांनी नंबर लागला की जो रंग येईल तो घ्यायचा. दादांच्या मनात होतं, शाळेच्या गावाला एस.टी.ऐवजी स्कूटरवर जावं. नंबर लागल्याचं पत्र आलं त्याच सुमारास अक्काची बोलणी चालली होती.

लातूर नुकताच जिल्हा झाला होता. तोवर आमच्या कामांना उस्मानाबादला जावं लागे. दादांच्या शाळेच्या पाटीवर उस्मानाबाद या शब्दावर रंगाचा पट्टा मारून लातूर लिहिलं होतं, आणि ऊन चढलं की पट्ट्याखालून उस्मानाबाद पुन्हा दिसायचं. नव्या जिल्ह्यात नव्या कचेऱ्या, नव्या कचेऱ्यांत नवे कारकून. असाच एक कारकून आमच्यातला होता. वडील नव्हते, चुलत्याने वाढवलेला. चुलता लातूरच्या मार्केट यार्डात एका आडतीवर मुनीम. अक्काला बघायला ते आले तेव्हा चुलता म्हणाला, "हुंडा न्हाई घेणार, गुरुजी. आपन बौद्ध मान्सं. पर पोराला नव्या जिल्ह्यात यायजायला गाडी लागंल." दादांनी मान डोलवली. कित्येक वर्षं वाट बघितलेली स्वतःची गाडी त्यांनी त्या एका मान डोलवण्यात देऊन टाकली, आणि मला त्यांचा राग आला नाही, उलट भरून आलं.

अक्काला त्याआधी चार-दोन जण बघून गेले होते. दारात हसत यायचे आणि चहा अर्धा ठेवून उठायचे. ह्या मुलाचं वेगळं होतं. त्याने तिला विचारलं, "लातूरला पान्याची लई वढाताण हाय. जमंल का?" अक्का म्हणाली, "दुष्काळात वाढलेय मी." तो हसला. एवढंच. रात्री अंथरुणावर अक्का मला म्हणाली, "बाकीचे बोलताना माझ्या गालाशी बोलत्यात गं. ह्यो माझ्याशी बोलला." मग ती पाठ करून झोपली, पण झोपली नव्हती. मी तिच्यापेक्षा चार वर्षांनी लहान, तरी मला कळलं की अक्काला हे लग्न पाहिजे आहे. आईला पाहिजे होतं, दादांना पाहिजे होतं, ते वेगळं. अक्काला स्वतःला पाहिजे होतं, आणि ते तिने मला सोडून कुणाला सांगितलं नाही.

म्हणून ते मोहरीएवढे खड्डे आमच्या सगळ्यांच्या जिवाला लागले.

दादांनी खड्डे बघितले. चष्मा काढून बघितले, घालून बघितले. मग म्हणाले, "नवीन माल आहे. बदलून देतील." बोलण्यात ते नेहमी पुस्तकी मराठी वापरायचे, मास्तरकीची सवय. त्याच गुरुजींच्या पुन्हा हातापाया पडून त्यांनी गाडी नांदेडला पाठवली, आणि स्वतः मला सोबत घेऊन एस.टी.ने गेले. अक्काला नेता येत नव्हतं, बोलणी चाललेली मुलगी एजन्सीत कशी न्यायची. मी गेले ती, खड्डे नेमके कुठे आहेत हे उन्हात दाखवायला.

एजन्सीचा मालक गादीवर बसून सुपारी कातरत होता. त्याने गाडी जागेवरूनच बघितली.

"गुरुजी, रंग क्या खाने का है? इंजन देखो, इंजन. एक लाथ में चालू होती."

"अहो, पण नवी गाडी आहे," दादा म्हणाले.

"नवीच हाय की. जुनी कोन म्हणून राहिलं?" तो हसला. "कंपनीतून जशी आली तशी दिली. मैं थोडेच रंग लगाता? कंपनीचा मानूस येनार हाय, त्याला दाखवा."

कंपनीच्या माणसासाठी आम्ही गाडीसकट पुन्हा गेलो. तो पुण्याकडचा होता, इस्त्रीचा शर्ट, बोलायला सभ्य. त्याने गाडी सावलीतून उन्हात ओढायला लावली, मान तिरपी केली आणि मी दाखवायच्या आतच सगळे खड्डे बघितले. म्हणाला, "रंग मारण्याआधी पत्रा धुतात. त्यावर कुठे तेलाचा अंश राहिला की तिथे रंग धरत नाही, बाजूला सरकतो. मग असे खड्डे पडतात. हा दोष रंगाचा नाही, रंगाच्या आधीचा आहे."

"मग बदलून द्या."

"कंपनीला कळवतो. पण वेळ लागेल. लगेच पाहिजे असेल तर इथला एखादा पेंटर खड्ड्यांत लांबी, म्हणजे पुट्टी भरेल, घासून सपाट करेल आणि वरून रंग मारेल. पण मग ती गाडी नवी म्हणता येणार नाही, एवढं मात्र सांगतो. जाणकाराला कळतं."

दादांनी त्या पत्र्यावर हात ठेवला. आणि मग ते ओरडले. आमच्या दादांना ओरडता येतं हे मला त्या दिवशी समजलं. वर्गातसुद्धा ते खडूच्या तुकड्याने टेबलावर टकटक करून पोरांना गप्प करायचे. ते म्हणाले, "कारखान्यात एवढी माणसं बसलेली असतात, एकाला दिसू नये? धुताना बघता येत नाही? आधी बघायचं असतं! मागून लांबी भरून काय उपयोग? माझ्या मुलीचं लग्न आहे ह्या गाडीवर!" रस्त्यावरचे दोघेतिघे थांबले. मालकाच्या हातातला अडकित्ता थांबला. कंपनीचा माणूस "समजू शकतो" असं काहीतरी पुटपुटला. मला लाज वाटली, आणि लाजेपेक्षा जास्त वाईट वाटलं. दादा एवढं गाडीला बोलत नव्हते, हे मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं. ते पालापालातून फिरणाऱ्या त्या माणसाला बोलत होते, नाहीतर स्वतःला.

परत येताना एस.टी.त त्यांनी मला शेंगा घेऊन दिल्या आणि म्हणाले, "अक्काला हे ओरडण्याचं सांगू नकोस."

कंपनीकडून काही कळायच्या आत लातूरकरांचा निरोप आला. चुलता आणि आणखी दोघे वडीलधारे तारीख पक्की करायला येणार होते. मुलगा येणार नव्हता, कचेरीत सुटी नव्हती. आईने ज्या बाजूचा फुगीर पत्रा चांगला होता ती बाजू अंगणाकडे करून गाडी भिंतीला लावली आणि वरून धुतलेली चादर टाकली. मग आत येऊन ती अक्काच्या तोंडाला पावडर लावायला लागली. अक्काने थोडी लावू दिली आणि मग तिचा हात धरला.

"पुरे की आई. त्यांनी बघितलंय मला. चादर गाडीलाच असू दे."

आई हसली, आणि तशीच डोळे पुसत चुलीकडे गेली.

पाहुणे आले. पाणी झालं, नव्या जिल्ह्याच्या गप्पा झाल्या, कोणत्या कचेरीला जागा मिळाली आणि कोणती अजून गोदामात भरते तेही झालं. चुलता माणूस वाईट नव्हता. मोठ्याने हसायचा, मला त्याने चॉकलेट आणलं होतं. मग तो म्हणाला, "गुरुजी, लक्ष्मी तर दाखवा," आणि दादा उठायच्या आत अंगणात जाऊन त्याने चादर ओढली. दुपार कलली होती. तो गाडीभोवती फिरला, भिंतीकडची बाजू बघायला त्याने हँडल धरून गाडी पुढे घेतली, आणि पुढच्या पत्र्यावर त्याचा हात गेला. यार्डात ज्वारी नाहीतर तूर हातावर घेऊन अंगठ्याने पसरवतात, तसा त्याने अंगठा फिरवला.

"आर्र," तो म्हणाला. "ही तर डागी हाय."

आमच्याकडे आडत बाजारात हा शब्द रोजचा आहे. पावसाने काळी पडलेली ज्वारी, टिपके पडलेली तूर, ती डागी. तिचा सौदा वेगळा होतो, भाव पडतो. ती विकलीच जात नाही असं नाही. घेणारे असतात, कमीत.

दादा म्हणाले, "कारखान्यातून तशी आली. मी तक्रार केली आहे."

चुलता हसला. त्या हसण्यात विष नव्हतं, हेच मला अजून सहन होत नाही. सौद्यात घासाघीस करताना हसावं तसं तो हसला आणि म्हणाला, "गुरुजी, एक डागी तर आमी पदरात घेऊनच राहिलो. दुसरी बी डागीच देता व्हय?"

बाकीचे दोघे हसले. आतल्या दारात मी उभी होते. माझ्यामागे अक्का, हातात चहाचं ताट.

दादा लगेच म्हणाले, "छे, छे. गाडी मी बदलून आणतो. तो शब्द माझा."

"मंग झालं तर," चुलता म्हणाला. सगळे ओट्यावर येऊन बसले. अक्का माझ्या बाजूने पुढे गेली. तिने चहा दिला, चुलत्याला आधी, मग बाकीच्यांना, मग दादांना. एक थेंब सांडला नाही. रिकामं ताट घेऊन ती आत आली आणि चुलीजवळ बसून राहिली. तारीख पक्की झाली. जाताना चुलत्याने तिला हाक मारून हातात नारळ दिला आणि म्हणाला, "पोरगी गुनाची हाय."

पाहुण्यांना स्टँडवर बसवून दादा परत आले तेव्हा ते मोकळे झालेले होते. "जमलं," ते आईला म्हणाले. "उद्या नांदेडला जातो. मालकाच्या दारात बसतो, पण गाडी बदलून घेतो." ते बोलतच होते. नाही बदलली तर चांगल्यातला पेंटर बघू. लातूरलाही पेंटर असतील. रंग काय, लागतो.

अक्का भांडी घासत होती. ती म्हणाली, "दादा."

"काय गं?"

"त्यांनी दोघींचं नाव घेतलं. तुमी एकीचंच उत्तर दिलंत."

दादांचा हात खिशाकडे गेला. चष्मा डोळ्यांवरच होता. आई म्हणाली, "जाऊ दे गं, मान्सं बोलून जात्यात." अक्काने मान खाली घालून एक पातेलं घासलं, मग तेच पुन्हा घासलं. दादा अंगणात गेले आणि गाडीवर चादर टाकून तिथेच पायरीवर बसले. त्यांना जेवायला बोलवायला मी गेले, तर म्हणाले, "भूक नाही." अक्का रडली नाही. मी रडले. ती मला म्हणाली, "तू कशाला रडून राहिलीस? तुझं काय मोडलं?" आणि तिने माझं डोकं मांडीवर घेतलं.

सकाळी आम्ही उठलो तेव्हा दादा पहिल्या एस.टी.ने गेलेले होते. आम्हाला वाटलं नांदेडला गेले.

ते आले दिवस मावळताना. धोतराचा सोगा धुळीने माखलेला, पण चालण्यात असा ताठा की माझी आई दारातून मागे सरकली. ओट्यावर न बसता ते उभ्यानेच बोलायला लागले. ते नांदेडला गेले नव्हते. लातूरला गेले होते, मार्केट यार्डात, त्या आडतीवर. सौद्याची वेळ होती. आडते, खरेदीदार, हमाल, माल आणलेले शेतकरी, सगळे जमलेले. चुलत्याने "या गुरुजी" म्हणून गादीवर जागा केली. दादा बसले नाहीत.

"मी सगळ्यांच्या समोर सांगितलं," दादा म्हणाले. "म्हटलं, माझी मुलगी डागी नाही. ती माणूस आहे, तुमच्या यार्डातला माल नाही. काल तुम्ही माझ्या दारात तिला डागी म्हणालात आणि मी ऐकून घेतलं, ते माझं चुकलं. आज तुमच्या दारात येऊन सांगतो. गाडीसुद्धा मिळणार नाही. आपण दीक्षा घेतलेली माणसं, गाडी मागायची तुम्हाला लाज वाटायला पाहिजे होती, आणि द्यायची मला. हमालसुद्धा हातातलं पोतं ठेवून ऐकायला लागले. तो काय बोलणार? त्याच्या तोंडाला कुलूप लागलं."

"आन् मंग?" आईने विचारलं.

"मग काय. तो म्हणाला, चार लोकांत इज्जत घेतली गुरुजी, आता ही सोयरीक होत नसते. मी म्हटलं, नको."

आई मटकन खाली बसली. मला मात्र, खरं सांगते, त्या क्षणी दादांचा एवढा अभिमान वाटला की मी टाळ्याच वाजवणार होते. मी अक्काकडे बघितलं. मला वाटलं होतं तिचा चेहरा उजळेल. दादांनाही तेच वाटलं होतं. ते तिच्याकडेच बघत होते, कौतुकाची वाट बघणाऱ्या मुलासारखे. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी ते वाक्य तोंडातून काढलं होतं आणि त्यासाठी ते एवढ्या उन्हात लातूरला जाऊन आले होते.

अक्का खांबाला टेकून उभी होती. तिने विचारलं, "त्ये होते का तिथं?"

"कोण?"

"त्ये." ती मुलाबद्दल विचारत होती, हे दादांना कळायला वेळ लागला.

"तो कशाला असेल? तो कचेरीत."

"म्हंजी त्यांना काय इचारलंच न्हाई कुनी."

"अगं, पण त्याचा चुलता—"

"दादा," अक्का म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. "त्ये मला सांगायचं व्हतं. यार्डात न्हाई. मी काल तुमाला बोलले, ते तुमी मला सांगावं म्हनून. घरात. मला एकटीला. मंग त्यो चुलता काय बी म्हनला असता तरी मी नांदले असते तिथं."

बाहेर गल्लीत कुणाचा तरी रेडिओ चालू होता. दादा उभेच होते. त्यांचे ओठ हलले, आणि मला वाटलं आता म्हणतील. त्यांना फक्त तेच वाक्य पुन्हा म्हणायचं होतं, जे त्यांनी सकाळी एवढ्या लोकांत म्हटलं होतं. अक्काही वाट बघत होती. ती खांब सोडून जरा पुढे आली होती.

दादा म्हणाले, "पाणी दे गं जरा."

तिने दिलं.

गाडी आमच्याकडेच राहिली. कंपनीकडून काही आलं नाही, आणि दादांनी पुन्हा विचारलंही नाही. काही वर्षं ती भिंतीला लागून उभी होती, मग निलंग्याच्या एका कंपाउंडरने तशीच नेली, खड्ड्यांचं त्याने बघितलंसुद्धा नाही. त्या मुलाचं लग्न पुढच्या उन्हाळ्यात झालं. अक्का बालवाडीत लागली. तिला बघायला नंतरही कोणी कोणी आले, पण ती चहा घेऊन बाहेर जायलाच तयार नसायची.

दादा बरीच वर्षं जगले. आडतीवरची ती गोष्ट त्यांच्या आयुष्यातली मोठी गोष्ट झाली. पाहुण्यांना सांगत, शाळेतल्या नव्या मास्तरांना सांगत, शेवटी शेवटी दवाखान्यात शेजारच्या खाटेवरच्या माणसालाही त्यांनी ती सांगितली. "मी सगळ्यांच्या समोर म्हटलं, माझी मुलगी डागी नाही." अक्का तेव्हा त्यांच्या उशाशी बसून मोसंबी सोलत होती. एकेक फोड ती त्यांच्या हातात देत होती आणि तो माणूस "वा गुरुजी" म्हणत होता. दादा त्याच्याकडे बघून बोलत होते.